दोन सुतांची लाज

मी शाळेच्या सुतारकामाच्या वर्गातला सीएनसी राउटर, म्हणजे लाकूड कोरणारं मशीन, बोलतोय. मान खाली घालून बोलतोय. तशी माझी मान कायम खालीच असते, कटरचं तोंड फळीकडे करून. पण आजचं कारण वेगळं आहे.

मी नवा आलो तेव्हा माझा थाट काय विचारता! रंधे आणि पटाशा भिंतीवर टांगल्या गेल्या आणि खिडकीजवळची जागा मला मिळाली. पहिल्याच तासाला सर मुलांना म्हणाले, "मशीन कधी चुकत नाही. चुकतो तो माणूस." मी फुगून गेलो.

कॉम्प्युटरवर काढलेलं मी लाकडात कोरतो. मात्र सुरुवात कुठल्या कोपऱ्यातून करायची ते मला दाखवावं लागतं. त्याला झिरो धरणं म्हणतात. नववीतली एक मुलगी झिरो इतका जपून धरायची की मुलं तिला 'झिरोबाई' म्हणून चिडवायची. इतर मुलं माझ्यावर फुंकर मारून पळायची. ही ब्रश घेऊन खाचाखाचांतला भुसा काढायची.

तिचे बाबा सुतार. वीस वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबून ते आता स्वतःचं दुकान उघडणार होते. पाटीसाठी त्यांनी एक बिनगाठीची फळी जपून ठेवली होती. ती हातानेच कोरायची, असं त्यांच्या मनात होतं. "बाबा, एवढी पाटी माझ्यावर सोपवा ना," असा हट्ट करून हिने ती शाळेत आणली.

पाटीवर एकच शब्द होता, 'सुतारकाम'. मी एकेक अक्षर कोरत गेलो. 'सुतार' झकास उतरलं. मग माझ्या मोटरीजवळचा एक स्क्रू ढिला झाला. मला ते कळलं, पण थांबणं माझ्या हातात नसतं. तिने धावत येऊन लाल बटण दाबेपर्यंत 'काम'ची शिरोरेषा दोन सूत, म्हणजे चांगली पाव इंच, खाली घसरली होती.

"अगं, झिरो नीट धरला नाहीस," सर म्हणाले.

"धरला होता, सर."

"मग काय मशीन चुकलं?"

वर्ग खो खो हसला. "माझंच चुकलं असेल," ती पुटपुटली. तरीही जाण्याआधी तिने माझा भुसा काढला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबांनी अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं गं," दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणीला सांगत होती. "फळी उलटी करून माळ्यावर ठेवली."

आठवड्याने मेकॅनिक आला. तो स्क्रू त्याने नुसत्या बोटांनी फिरवून दाखवला. "झिरो चुकला असता तर पहिलं अक्षरही सरकलं असतं, सर."

सरांचा चेहरा उतरला. "सांगतो तिला," ते म्हणाले. अजून सांगितलेलं नाही. माणूस वाईट नाही. जीभ रेटत नसेल. मला तर जीभच नाही. पण म्हणून मी सुटत नाही, स्क्रू माझाच होता.

काल नवी मुलं आली. ती मुलगी आता दहावीत आहे, म्हणून मला चालवून दाखवायला तिलाच बोलावलं. "झिरो नीट धरा," ती त्यांना म्हणाली. "मी धरला नव्हता. बाबांची फळी वाया घालवली." सर हजेरीपटात डोकं खुपसून बसले होते.

तुमच्यापैकी कुणाला ती भेटली तर एवढं सांगा, की पोरी, तुझं काही चुकलं नव्हतं. तिला ते पटायचं नाही. म्हणून आधी तिच्या बाबांना सांगा.