पाऊण तास

ती दातांच्या कवळ्या घडवायची. कामाला पोचायला अडीच तास, परतायला तेवढेच, आणि असं सलग अकरा वर्षं. बसमध्ये तिला झोप लागत नसे आणि जागही राहत नसे.

एकदा तिने वरच्या कवळीत डाव्या बाजूचे दात उजवीकडे बसवले. डॉक्टरांनी कवळी परत पाठवली. पूर्वी अशा चुकीने तिचा जीव तीळतीळ तुटला असता. या वेळी तिला काहीच वाटलं नाही, आणि तेच तिला खटकलं. त्या दिवशी तिने नवऱ्याला सांगून टाकलं, "एका वेळेचा प्रवास पाऊण तास. त्यापुढे एक मिनिट नाही."

"आणि तसं काम मिळालं नाही तर?"

"मिळेपर्यंत शोधते."

चार महिन्यांनी घरापासून तीन थांब्यांवरच्या दातांच्या दवाखान्यात तिला काम मिळालं. पहिल्या दिवशी ती सहाच्या आत घरी आली, तेव्हा लेक ओट्यापाशी कांदा चिरत होती.

"आई, तुला बरं नाहीये का?"

"बरी आहे. आता रोज याच वेळेला येणार."

"अच्छा," म्हणून लेक पुन्हा चिरू लागली. काप एकसारखे बारीक पडत होते.

"हे कधी शिकलीस?"

"झालं की वर्ष."

आता आपल्याला आनंद होईल म्हणून ती थोडा वेळ वाट पाहत उभी राहिली. पायांत अजून त्या अकरा वर्षांच्या बसची थरथर होती, बाकी काही नव्हतं. मग तिने हात धुतले, दुसरी सुरी घेतली आणि लेकीशेजारी कांदा सोलायला लागली.