डॅमेज कळशी

व्यंकटरावांनी पितळेची कळशी उचलून उजेडात धरली, तिच्या पोटावरच्या पोच्यावरून बोट फिरवलं आणि ते ओरडले,

"हे पाहा! डॅमेज हाये!"

हट्टा गावातल्या मारुतीच्या पारावर बसलेली माणसं पुढं सरकली. कनेरगाव नाक्याहून विहीणबाई लक्ष्मीबाई आणि जावई स्वप्निल आंदणाची भांडी टेम्पोत घालून आले होते. फारकत ठरली की लेकीचं आंदण चारचौघांत तपासून परत घ्यायचं आणि शेवटी लेकीनं पंचांसमोर 'माझी काही तक्रार न्हाई' म्हणायचं, ही त्यांच्या समाजातली रीत. तेवढं म्हटलं की दोन्ही घरं मोकळी. मग पोलिसांत जाणं नाही, काही नाही. व्यंकटरावांना हेच हवं होतं, कारण धाकट्या राजनंदिनीचं लग्न व्हायचं होतं. थोरल्या प्रतिक्षाला काय हवं होतं, ते कुणी विचारलं नव्हतं.

डॅमेज हा शब्द गावात आता फार स्वस्त झाला आहे. पावसात भिजलेली हळद डॅमेज, जळालेली मोटार डॅमेज, दारुड्याचं लिव्हर डॅमेज. नांदायला गेलेली पोरगी परत आली तर तीही डॅमेज. फक्त ते तिच्या पाठीमागं म्हणायचं, एवढी सभ्यता अजून शिल्लक आहे. हात उचलणाऱ्या नवऱ्याला मात्र हा शब्द कुणी लावत नाही. तो आपला 'जरा तापट'. वा रे वा!

"पडली आसंल," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "तुमची पोरगीच हातानं ढिली."

"आमच्या घरी चमचा पाडला न्हाई तिनं! नवी कोरी दिली व्हती मी, नाव घालून. तुमी माणसं हाव का कोण?"

रस्त्यानं जाणारेही थांबले. लेक माहेरी आल्यापासून या बापानं असा आवाज एकदाही काढला नव्हता. उलट 'भांड्याला भांडं लागतंच' म्हणत दोनदा तिला स्वतः नेऊन सोडलं होतं. कळशीसाठी मात्र त्यांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. त्यांची बायको शालूबाई पदर दातात धरून हे सगळं पाहत होती.

पंच जळबा काकांनी हात वर केला. "भांडण नको. डॅमेज भांड्याच्या बदल्यात नवं भांडं. बोला, लक्ष्मीबाई."

"देऊ की. आमी कुणाचं ठेवून घेणारे न्हाई."

"मंग झालं बराबर."

सगळ्यांना हायसं वाटलं. कुणीतरी चहा सांगितला. कळशीला न्याय मिळाला होता, आता लेकीच्या एका वाक्याचं एवढंसंच काम उरलं होतं.

जळबा काका प्रतिक्षाच्या डाव्या हाताला बसले होते. ते तिथूनच म्हणाले, "बाई, आता तुझी काही तक्रार न्हाई ना?"

प्रतिक्षा समोर पाहत राहिली.

"पोरी, तुलाच इचारून राहिलो."

ती हलली नाही.

"लाजून राहिली," लक्ष्मीबाई घाईनं म्हणाल्या. "गप बसली म्हंजे कबूल हाये."

"काय कबूल?" शालूबाई ताडकन उठली. "तिला ऐकू आलं न्हाई! डाव्या कानानं ऐकूच येत न्हाई तिला. तुमच्या लेकानं मारलं तवापासून!"

स्वप्निलनं हातातला मोबाइल खिशात घातला.

"मला काहून न्हाई सांगितलं?" व्यंकटराव म्हणाले. कळशी अजून त्यांच्या काखेत होती.

"सांगितलं व्हतं. तिनंबी, मीबी. त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमी तिला नेऊन सोडलं."

शालूबाई लेकीच्या उजव्या बाजूला जाऊन बसली. "बाळ, काका इचारून राहिले. तुझी काही तक्रार हाये का?"

प्रतिक्षानं आधी बापाकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

"हाये," ती म्हणाली. फार मोठ्यानं म्हणाली; अलीकडं तिला स्वतःच्या आवाजाचा अंदाज येत नसे.