पापाकुरात तपासलेला इजिप्तचा शराटी

मी एक जुना शराटी आहे, लांब वाकड्या चोचीचा पाणपक्षी. जुना म्हणजे किती, तर आजीच्या आजीपासून मागे मोजत गेलात तर मध्येच थकाल. मी मूळचा इजिप्तचा, पण आता न्यूझीलंडमध्ये टौरंगाजवळच्या एका लहान संग्रहालयात राहतो.

मित्रांनो, आमच्याकडे शराटी हा विद्येच्या देवाचा पक्षी. लोक नवस बोलत आणि आमच्यापैकी एकाला देवाला अर्पण करत. त्यासाठीच मला देवळाजवळच्या तळ्यावर वाढवले होते. माझे आयुष्य संपल्यावर मला क्षारात सुकवून कापडी पट्ट्यांत गुंडाळले, मडक्यात ठेवले आणि जमिनीखालच्या बोगद्यात नेले. तिथे अशी लाखो मडकी रचलेली होती. मग दार चिणले गेले. त्यानंतर किती काळ गेला हे सांगायला तिथे ना दिवस होता ना रात्र.

एकदा भिंतीवर कुदळीचे घाव ऐकू आले आणि उजेड आत शिरला. कंदील धरलेला संशोधक पुढे आलाच नाही. टोपी काढून तो दारातच उभा राहिला. जमिनीखाली पक्ष्यांचे एवढे मोठे गाव असेल, असे त्याला वाटले नव्हते.

उत्खननाला देणगी देणाऱ्यांमध्ये आमची वाटणी झाली आणि मी जहाजाने इथे आलो. सुरुवातीला मला पाहायला गर्दी होई. पुढे माझ्या काचेवर धूळ बसली.

गेल्या वर्षी संग्रहालयाचे काम मकरंदकडे आले. तो पुण्याहून शिकायला आलेला आणि इथेच राहिलेला. अशा कित्येक पुडक्यांत पक्षी नसतोच, नुसती पिसे आणि चिखल असतो, हे त्याला माहीत होते. आत पक्षी नसेल तर माझ्या पट्ट्या कापून तपासणीला पाठवायच्या, असे ठरले. ते ऐकून मी हादरलो. मला आठवणारे ते तळे खरे, की मी नुसताच चिखल?

टौरंगाहून गाडीने काही तासांवर असलेल्या पापाकुरात प्राण्यांचा एक दवाखाना आहे. तिथे कुत्र्यामांजरांचे स्कॅन करणारी देवयानी मकरंदची जुनी मैत्रीण. पुडके न उघडता आत काय आहे ते पाहायला तो मला तिच्याकडे घेऊन गेला.

“किया ओरा, पक्षीबुवा!” इथल्या पद्धतीचा नमस्कार करत ती म्हणाली. “मक्या, न चावणारा पेशंट पहिल्यांदाच आला बघ.”

“थट्टा नको गं. आत काही नसेल तर उद्या कात्री लागणार.”

“लागू दे की. तूच तर कधीचा उघडू उघडू करत होतास!”

“होतो. पण आज याला बेल्ट लावून शेजारच्या सीटवर बसवलं. दर वळणावर माझा हात आपोआप याच्याकडे जायचा.”

यंत्र माझ्याभोवती फिरले. पडद्यावर हळूहळू मागे वळवलेली मान उमटली, मग मिटलेले पाय, मग लांब चोच. तो मीच होतो!

“आणि पोटात हे काय?” मकरंदने विचारले.

देवयानी चित्र फिरवून फिरवून पाहत राहिली. “गोगलगायी आहेत. आख्ख्या, शंखासकट. आतडी काढलेली दिसतायत, म्हणजे या त्यानं गिळलेल्या नाहीत. नंतर कोणीतरी भरल्यात.” ती मकरंदकडे वळली. “मक्या, याला वाटेसाठी डबा दिलाय रे.”

मलाही ते तेव्हाच कळले. लाखो पक्ष्यांमधल्या या एका पक्ष्याला मरणापुढच्या वाटेवर भूक लागेल, असे कोणाच्या तरी मनात आले होते.

माझ्या पट्ट्या तशाच राहिल्या. मित्रांनो, मला पाहायला जरूर या. पण एखादी बंद वस्तू हाती आली तर ती उघडण्याची घाई करू नका. माझे पुडके बांधणारे हात कोणाचे होते, हे आता कोणालाच कळणार नाही. त्यांनी मारलेली गाठ मात्र अजून सुटलेली नाही. तेवढी सांभाळा.