दर तासाचं उष्टं

मी स्पायरोमीटर बोलतोय. नाव ऐकून बिचकू नका. प्लॅस्टिकच्या तीन उभ्या खोल्या, प्रत्येकीत एक चेंडू आणि बाजूला एक नळी, एवढंच माझं रूप. नळी तोंडात धरून श्वास आत ओढला की चेंडू वर चढतात. लोक मात्र हटकून फुंकतात. माणसाला फुंकायची भारी हौस!

माझे चेंडू जन्मापासून कैदेतच आहेत. कुणी श्वास ओढेल तेवढंच त्यांचं वर जाणं. श्वास सुटला की पुन्हा तळाशी.

२००३ साली हुबळीच्या एका इस्पितळात मी बाळाचार्यांच्या हाती आलो. ते धारवाडचे, केलगेरीकडे राहणारे. शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले आणि सोवळ्याओवळ्यात भलतेच कडक. त्यांची बायपास झाली होती. छातीचं हाड मधोमध कापून पुन्हा तारेनं बांधलं होतं. अशा वेळी दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो. मग फुफ्फुसांच्या तळाशी हवा पोचत नाही, कफ साचतो आणि तेवढा भाग मिटून जातो. तो मिटू नये म्हणून मी.

इस्पितळात त्यांनी मला मुकाट्यानं तोंडाला लावलं. तिथे सोवळंच नव्हतं, मग मोडणार काय?

घरी आल्यावर मात्र नूर पालटला. "दर तासाला हे तोंडात घालायचं म्हणजे दर तासाला तोंड उष्टं," ते पत्नीला, हेमावतीबाईंना म्हणाले. "मग मी जप करायचा कधी?"

बाई सामान आवरू लागल्या. त्या घरात त्यांना गप्प बसायची सवयच होती. इस्पितळातून आलेलं सगळं सामान विटाळाचं म्हणून एका पिशवीत कोंबलं गेलं, त्यात मीही. पिशवी पडवीतल्या कपाटात गेली आणि बाहेरून कडी लागली.

आत काळोख, डेटॉलचा वास आणि अंगावर चादरींचं ओझं. पलीकडच्या खोलीतला आचार्यांचा श्वास मला ऐकू यायचा. आखूड, भ्यालेला. समाचाराला आलेले शेजारी वेंकटेशराव वर सल्ला देऊन गेले, "आचार्रे, अजिबात हलू नका. खोकलात तर टाके उसवतील बघा." झालं! आचार्यांनी खोकणंही सोडलं. मला नुसतं ऐकत पडावं लागत होतं. इतकं निरुपयोगी मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मग ताप आला.

त्यांची लेक वेदश्री हुबळीत फिजिओथेरपी शिकत होती. ती सुट्टीला आली आणि आल्याआल्या तिनं वडिलांच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला. "अप्पा, खाली उजवीकडे हवाच जात नाहीये. ते चेंडूंचं यंत्र कुठंय?"

कडी निघाली. डॉक्टरांना फोन झाला. उद्यापर्यंत ताप उतरला नाही तर परत दाखल करा, असं त्यांनी सांगितलं.

"करा दाखल," आचार्य धापा टाकत म्हणाले. "तिथे काहीही चालतं. इथे देव आहेत."

"मग मी हे शिकतेय कशाला, अप्पा?" वेदश्री रडकुंडीला आली.

हेमावतीबाईंनी मला तिच्या हातून घेतलं, नळाखाली स्वच्छ धुतलं आणि त्या पलंगासमोर येऊन बसल्या. नळी सरळ स्वतःच्या तोंडात धरली आणि श्वास ओढला. माझे तिन्ही चेंडू वर चढले.

"आई, दुसऱ्यानं तोंडाला लावायचं नसतं हे..." वेदश्री म्हणाली आणि थांबली.

"लग्न झाल्यापासून तुमच्या उष्ट्या पानात जेवत आले," बाई नवऱ्याला म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मला काही झालं नाही. आता हे माझं उष्टं. घ्या."

आचार्यांनी मान वळवली. बायकोच्या भांड्यातलं पाणीसुद्धा ते कधी प्यायले नव्हते. बाईंनी पुढे धरलेला हात मागे घेतला नाही. अखेर त्यांनी मान पुढे केली आणि नळी ओठांत धरली. पहिला चेंडू नुसता थरथरला. दुसऱ्या खेपेला अर्ध्यावर गेला, तोच खोकल्याची उबळ आली. वेदश्रीनं टाक्यांना आधार म्हणून त्यांच्या छातीशी उशी धरली. ते कळवळून खोकले आणि साचलेला कफ सुटला.

"साकु, पुरे आता," ते डोळे पुसत म्हणाले.

"साकु नाही," बाई म्हणाल्या. "अजून एकदा."

त्या दिवशी जप राहिला. दुसऱ्या दिवशी ताप उतरू लागला.

वेदश्री आता कॉलेजात शिकवते. मी तिच्या टेबलाच्या खणात असतो. नळी चिरली आहे, एक चेंडू अडकून बसलाय. हृदयाच्या शस्त्रक्रियेचा धडा आला की ती मला वर काढते.

तेव्हा मला म्हणावंसं वाटतं, मुलांनो, चेंडू किती वर गेले हे पेशंटला विचाराच. पण त्याला घरी धाडताना त्याच्या बायकोलाही जरा बाजूला घेऊन विचारा, की बाई, घरी या यंत्राला ठेवणार कुठे?