करडगीतले बारा शब्द

अप्पा गेले त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी हुमनाबादला होते. पुणे-हैदराबाद रस्त्यावर, बस स्टँडच्या थोडं अलीकडे त्यांचं ताडपत्री आणि दोराचं दुकान. अप्पा टेप वापरत नसत. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत स्वतःच्या हाताने ताडपत्री मापत, आणि गिऱ्हाइकाला दर वेळी अर्धा हात जास्त जाई.

"कंपनीचा टेप आखडतोय," ते म्हणत. "माझा हात न्हाई आखडत."

त्या दुपारी सोलापूरकडून आलेल्या एका लॉरीसाठी आम्ही दोघांनी ताडपत्री उलगडली. मी एक टोक धरलं, त्यांनी मापलं. ड्रायव्हरने पैसे द्यायला फोन काढला. अप्पांनी गल्ल्यामागच्या क्यूआरच्या फलकाकडे बोट केलं. फलक नोव्हेंबरपासून भिंतीकडे तोंड करून होता.

"रुसलाय तो," अप्पा म्हणाले. "रोख दे."

लॉरी गेली. चहा आला. अप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "शैल, बारा शब्द हायत. तुला सांगून ठेवू का?"

"नको अप्पा. मी बँकेत आहे. उद्या कुणी विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही."

"बँकेतल्या माणसाला खोटं बोलता येत न्हाई? हे नवीनच ऐकायलोय."

मी हसले. मग त्यांनी विचारलं, "खातं कुणी बंद केलं, ते कळलं का गं?"

"वरून आलं होतं," मी म्हणाले.

ते "हूं" म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

वरून पत्र आलं होतं, एवढं खरं. गुलबर्ग्याच्या ज्या शाखेत मी अधिकारी आहे, तिथेच अप्पांचं खातं. सायबर पोलिसांनी कळवलं होतं की तेलंगणात कुणाला तरी फसवून काढलेले चौदा हजार रुपये तीन खाती फिरून या खात्यात आले आहेत, तेवढी रक्कम अडवा. अप्पांना त्या फसवणुकीचा गंध नव्हता. काशप्पा म्हणून त्यांचे मित्र, पाच लॉऱ्यांचे मालक. त्यांचा पुतण्या शारजाहून पगार डिजिटल डॉलरमध्ये, म्हणजे क्रिप्टो नाण्यांत, पाठवी. अप्पा ती नाणी विकत घेत आणि काशप्पांना फोनवरून रुपये देत. पुढे काही नाणी दुसऱ्या कुणाला विकत. अशाच एका अनोळखी गिऱ्हाइकाचे रुपये चोरीचे निघाले.

चौदा हजार अडवून काम भागलं असतं. पण शाखेने खात्याचे व्यवहार बघून शेरा द्यायचा असतो, आणि तो मी लिहिला: व्यवहारांचा प्रकार संशयास्पद, संपूर्ण खाते गोठवण्याची शिफारस. खाली माझी सही. वडिलांचं खातं म्हणून ते काम मी दुसऱ्याकडे द्यायला हवं होतं. दिलं नाही. अप्पांनी हा नाद सोडावा असं मला वाटत होतं, आणि मी सांगून ते सोडणार नव्हते.

तेव्हा माझी समजूत पक्की होती, आणि नियम करणाऱ्यांचीही तीच असावी. ही नाणी कुठेही जन्मली तरी जगतात रुपयावर. रुपयाची वाट अडवा, ती आपोआप सुकतील. गुलबर्ग्यातल्या कॉलेजच्या मुलांच्या बाबतीत हे खरंही ठरलं. फोनवरून पैसे भरता येईनात, तसा त्यांचा उत्साह महिन्याभरात ओसरला. अप्पांसारख्यांचं उलटं झालं. खातं गेलं तेव्हा त्यांनी जवळची सगळी नाणी एका परदेशी एक्स्चेंजवर, म्हणजे नाण्यांच्या ऑनलाइन बाजारात, ठेवली. जानेवारीत सरकारने अशा एक्स्चेंजांवर बंदी आणली आणि त्यांची अ‍ॅप्स फोनवरून गेली. अप्पांनी त्याआधीच नाणी काढून फोनवरच्या स्वतःच्या वॉलेटमध्ये घेतली होती. आम्ही एकेक दार बंद करत गेलो आणि ते एकेक पाऊल मागे सरकत, जिथे दारच नाही अशा जागी जाऊन बसले.

"एक्स्चेंजवरचं नाणं म्हंजे दुसऱ्याच्या गोदामातली तूर," ते मला समजावत. "पावती आपली, किल्ली त्याची. आता किल्ली बी माझी."

किल्ली म्हणजे ते बारा इंग्रजी शब्द. ते ज्याला ठाऊक, नाणी त्याची. ना अर्ज, ना वारसनोंद, ना व्यवस्थापक. बिदरला त्यांच्या ओळखीच्या एकाचा फोन पोलिसांनी नेला, तेव्हापासून अप्पांनी फोनवर वॉलेटही ठेवलं नाही. शब्द कागदावर उतरवले आणि अ‍ॅप पुसून टाकलं. कागद कुठे ठेवला, ते त्या रविवारी मी ऐकून घेतलं नाही.

सोमवारी सकाळी शटर अर्धं वर केलेलं असताना ते तिथेच बसले. शेजारचा टायरवाला धावला, पण उपयोग नव्हता.

आम्ही लिंगायत, आमच्यात दहन नसतं. त्याच संध्याकाळी कमठाण्याच्या आमच्या शेतात त्यांना पद्मासनात बसवून माती दिली. जन्मभर गळ्यात वागवलेलं इष्टलिंग अशा वेळी डाव्या तळहातावर ठेवतात. लिंग ज्या चांदीच्या डबीत असतं ती करडगी काही घरांत काढून घेतात. विधी करणाऱ्या स्वामींनी विचारलं तेव्हा अव्वा, माझी आई, म्हणाली, "राहू द्या. त्यांचं त्यांच्याजवळ." करडगी त्यांच्या हातात मीच ठेवली. बोटं मिटत नव्हती, म्हणून वरून करडगीचा दोरा, शिवदोरा, गुंडाळला.

तिसऱ्या दिवशी काशप्पा घरी आले. अव्वाला भेटले. मग फोन काढून माझ्या धाकट्या भावाला, सिद्धेश्वरला, पडदा दाखवला. अप्पांच्या वॉलेटचा पत्ता त्यांच्याकडे होता. तो पत्ता घातला की आत किती नाणी आहेत ते जगात कुणालाही दिसतं.

"हे बघ. समदं जागच्या जागी हाय."

"काढायचं कसं, काका?"

"तेच शब्द लागत्यात. तुझ्या अप्पानं, पंचाक्षरीनं, मला न्हाई सांगितलं. मी इचारलं बी न्हाई. दुसऱ्याच्या बायकोचं वय अन् दुसऱ्याचे शब्द इचारू न्हाईत."

सिद्धूने दोन दिवस घर धुंडाळलं. तांदळाचा डबा, देव्हारा, दुकानातले दोराचे गठ्ठे. शेवटी, काशप्पा पुन्हा आले असताना, अव्वाला विचारलं. अव्वा, म्हणजे चंद्रम्मा, उदगीरकडची. मराठी वाचते, कानडी बोलते, पण कानडी अक्षर तिला येत नाही.

"कागद?" ती म्हणाली. "एक करडगीत ठेवला होता की. संक्रांतीच्या आसपास. बारीक कानडीत लिहिलेला. मी म्हणलं काय ओ हे, तर म्हणाले, संतांचं वचन हाय."

सिद्धू खाली बसला. इंग्रजी शब्द कानडी लिपीत लिहिले, की अव्वाला वाचता येणार नाहीत आणि पोलिसांना ते देवाचं वाटेल. गळ्यातल्या लिंगाला कुणी हात लावणार नाही. अप्पांचा हिशोब चोख होता, फक्त स्वतःचा मरणविधी त्यांनी त्यात धरला नव्हता.

काशप्पांना हसू फुटलं आणि त्यांनी ते टॉवेलने दाबलं. "बँकेपेक्षा पक्कं लॉकर काढलं की गड्यानं."

सिद्धू हसला नाही. औद्योगिक वसाहतीतली नोकरी सोडून तो दुकान सांभाळणार होता. वर्षाची ताडपत्री मेमध्ये भरावी लागते, आणि त्याला भांडवल हवं. खातं गोठलेलं, नाणी काचेपलीकडे. पुढचे दोन दिवस तो एकच बोलत राहिला: समाधी उकरायची, करडगी काढायची, पुन्हा माती द्यायची. स्वामींना विचारलं. ते म्हणाले, "लिंगासकट बसवलेल्याला उठवत न्हाईत. पण शेत तुमचं, माणूस तुमचा." निर्णय अव्वावर आला.

सातव्या दिवशी संध्याकाळी भाकरी थापताना अव्वाने मला विचारलं, "शैल, तू शिकलेली हायस. बँकेतले पैसे सुटतील का गं?"

त्या क्षणी हो म्हणायला हवं होतं. सुटतात. शाखेने नवा शेरा लिहायचा की पहिली शिफारस गरजेपेक्षा जास्त होती, चौदा हजार वगळून बाकी खातं मोकळं करावं. मग वारसांचे कागद. दीड-दोन महिने. हे मला नोव्हेंबरपासून ठाऊक होतं. पण तो शेरा लिहायचा म्हणजे पहिला कुणाचा, हे निघणार. आणि वडिलांच्या खात्याची फाइल मुलीने हाताळली, याची चौकशी होणार.

"बघते," मी म्हणाले.

"म्हंजे न्हाईच," अव्वा म्हणाली आणि भाकरी उलटली. "मग उकरू दे त्याला. सरकारनं आमचं बंद केलं, आमचं आम्ही उघडू."

आठव्या दिवशी, ऊन चढायच्या आत, आम्ही चौघं कमठाण्याला पोहोचलो. तूर काढून झालेलं रान मोकळं होतं. समाधीवरची विभूती वाऱ्याने पसरली होती. सिद्धूने कुदळ आणली होती, काशप्पांनी पाण्याची घागर. अव्वा बांधावर पदर ओढून बसली.

"अक्का, तू तिकडं तोंड कर," सिद्धू म्हणाला. "हे झाल्यावर मी खातं बंद केलेल्या माणसाचं नाव काढणार. पत्रावर कुणाची तरी सही असंलच की."

"असते," मी म्हणाले.

त्याने समाधीला हात लावून नमस्कार केला आणि कुदळ उचलली.

"सिद्धू, कुदळ खाली ठेव. ती सही माझी आहे."

तो थांबला. मी शाखेत बोलते तशाच आवाजात सांगत गेले. पत्र चौदा हजारांचं होतं. सगळं खातं गोठवा हे मी लिहिलं. ते उघडता येतं. उद्या सकाळी मी स्वतः तसं लिहून देणार. माझ्यावर चौकशी बसेल, ती बसू दे. मे उजाडायच्या आत जमलं नाही तर माझ्या पगारावर कर्ज काढते, पण माल भरला जाईल. अप्पांना उठवायचं नाही.

"आणि वॉलेटमधलं?" काशप्पांनी हळूच विचारलं.

"ते त्यांचं. राहू द्या."

सिद्धूची कुदळ अजून हातात होती. "तू? आमच्या घरात बसून, आमच्या ताटात जेवून?"

"हो."

"चार महिने मी सरकारला शिव्या घालायलोय. तू ऐकायलीस. भाजी वाढायलीस."

"हो, सिद्धू."

त्याला आणखी खूप बोलायचं होतं. काशप्पांनी त्याच्या हातातून कुदळ काढून घेतली आणि त्याला घागरीकडे नेलं. मी अव्वाकडे वळले. तिने डोळे पुसले नव्हते. ते कोरडेच होते.

"अव्वा, मी मुद्दाम..."

"मला कामून सांगायलीस?" ती म्हणाली. "माझं खातं होतं का ते? इचारलं कुणी होतं तुला? त्यांना सांग."

मी समाधीजवळ गेले. काय बोलायचं ते मी चार महिने रोज मनात जुळवत आले होते. नियम, कलम, चोरीचा पैसा, त्यांची काळजी. यातलं काहीच खोटं नव्हतं. मी मातीवर बसले. अप्पांचं तोंड ज्या दिशेला केलं होतं, त्या बाजूला.

"अप्पा," मी मोठ्याने म्हणाले, सिद्धूला ऐकू जाईल इतकं मोठ्याने. "तुमचं खातं मी बंद केलं. कारण मला बरोबर वाटलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी घाबरले, आणि खोटं बोलले."