चुकवलेलं बटण

मालिकेतले वीर लढाईला निघताना अंगरख्याचं एक बटण मुद्दाम चुकवून लावत. का, तर डोंगरातला राक्षस माणसाची बटणं मोजून मगच त्याला खातो, आणि ती वाकडी लावलेली असली की त्याचा हिशोब चुकतो. जगभर गाजलेल्या मालिकेतल्या या एवढ्याशा गोष्टीनं दंतकथाबाईंची झोप उडवली होती.

बाई कॉलेजात पुराणकथा शिकवत. हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं, आणि बाईंना ते मनातून आवडायचंही. पंचाईत अशी की बटणं मोजणाऱ्या राक्षसाची गोष्ट त्यांनी लहानपणी आईच्या तोंडून ऐकली होती. म्हणजे ती फार जुनी, देशोदेशी पसरलेली असणार. मग एकाही कोशात का नाही? त्यांनी ग्रंथालय पालथं घातलं. दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेलं वैगुण्य, असा अर्थ लावून निबंधही लिहिला. तो उद्या परिषदेत वाचायचा, बढती त्यावरच ठरणार, आणि मूळ कथेचा पत्ता नाही! काखेत कळसा नि गावाला वळसा, हे त्यांच्या फार उशिरा ध्यानात आलं. त्या तडक आईकडे गेल्या.

आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, ती बटणाच्या राक्षसाची गोष्ट तुला कुणी सांगितली? आजीनं?"

"आजी कशाला सांगतेय! मीच रचली ती."

"रचलीस?"

"अगं, घाईघाईत मी तुझ्या शर्टाचं बटण चुकवलं. शाळेच्या दारात पोरं हसली, तू भोकाड पसरलंस. मग दिली ठोकून एक गोष्ट. दुसऱ्या दिवशी दादानं स्वतःचीही बटणं वाकडी लावली, तू एकटी पडू नयेस म्हणून."

बाईंनी तिच्या हातातली घडी काढून घेतली. निबंधाचा पायाच उखडला होता, पण डोकं भलत्याच गोष्टीनं गरगरत होतं. "आणखी कुणाला सांगितलीस?"

"कुणाला सांगू? तुम्ही दोघंच तर होतात."

वडिलांशी कडाक्याचं भांडून दादा घर सोडून गेला होता, त्यानंतर ना फोन ना पत्ता. मालिकेच्या लेखकाचं नाव बाईंनी निबंधात जागोजागी लिहिलं होतं. ते टोपणनाव असेल, असं कधी मनातही आलं नव्हतं. शेवटच्या भागात वीर निघताना धाकट्या बहिणीला म्हणतो, "मी येईपर्यंत नीट लावू नकोस." मृत्यूशी केलेला करार, असा त्याचा अर्थ बाईंनी चांगली चार पानं खर्चून लावला होता. त्यांना हसू आलं, रडूही आलं, आणि आधी काय आलं तेच कळेना.

त्यांनी मोबाईलवर तो प्रसंग आईला दाखवला. आईला ना वीर कळले, ना घोडे. मग वाकडं बटण पडद्यावर आलं आणि तिनं मोबाईल ओढूनच घेतला. कित्येक वर्षांत या घरात दादाचा विषय निघाला नव्हता.

"हे दादा लिहितो?"

"वाटतंय तसं. नक्की नाही गं, मला काहीच सुचेनासं झालंय."

आईनं पडदा डोळ्यांपाशी नेला.

"एवढं सगळं दाखवतात," ती म्हणाली, "पण तो वेळेवर जेवतो का, ते कुठं दिसतं यात?"