कोपऱ्यातला आवाज

दादाला जाऊन वर्ष होत आलं आणि वहिनीला त्याचा आवाज आठवेनासा झाला. हे तिनं मला भाजी चिरता चिरता सांगितलं. "चेहरा आठवतो, वन्सं. खोकला आठवतो. बोलणंच आठवत नाही हो." 

माझ्या या भावाला फोटोचं वावडं, रेकॉर्डिंगचं तर त्याहून. जीव सगळा हॉलमधल्या होम थिएटरवर. आणि स्पीकर नीट लागलेत का हे पाहायला हा पठ्ठ्या सिनेमा लावायचा नाही, स्वतःचा आवाज लावायचा. त्यासाठी वाटणाच्या मिक्सरचं माहितीपत्रक खड्या आवाजात वाचून त्यानं रेकॉर्ड करून ठेवलं होतं. वाचता वाचता मध्येच तो स्वयंपाकघरातल्या वहिनीला विचारतो, "ऐकू येतंय का ग?" तिला त्या खोक्यांचा वीट आलेला, तिनं उत्तरच दिलं नव्हतं. जरा वाट पाहून तो "बरं" म्हणतो आणि पुढे वाचू लागतो. दादाचा आवाज म्हणून एवढंच काय ते मागे राहिलं होतं.

रविवारी त्याच्या लेकीनं, माझ्या भाचीनं, ते लावलं. पहिल्याच वाक्याला वहिनी उठली. "हे ते नव्हेत," म्हणाली आणि भांडी घासायला निघून गेली.

मलाही पटलं. दादा रिकाम्या पिंपातून बोलल्यासारखा घुमत होता, आणि तेही सोफ्यामागच्या कोपऱ्यातून. तिथं वूफर असतो, जाड सूर काढणारा काळा खोका. शब्द समोरच्या लहान स्पीकरमधून येत होते आणि घरघर मागून. 

भाची रडकुंडीला आली. "मागे वीज गेली-आली तेव्हा बाबांचं सेटिंग उडालं, आत्या. मग मी मशीनलाच आपोआप लावायला सांगितलं."

"मग दादा कसं लावायचा ते आठव. मुळूमुळू रडून काय होणार आहे?"

आठवायला मीही होतेच. रिसीव्हरमध्ये, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या त्या मशीनमध्ये, क्रॉसओव्हर नावाचा एक आकडा असतो. त्याखालचे सूर खोक्याकडे जातात, वरचे लहान स्पीकरकडे राहतात. मशीननं तो दीडशेवर नेऊन ठेवला होता, आणि दादाच्या आवाजाचा सगळा खर्ज त्याखालीच. दादा हा आकडा खाली खाली आणायचा आणि पुटपुटायचा, "आवाजानं कोपरा सोडला पाहिजे, पण छाती सोडता कामा नये."

भाची रिमोट घेऊन बसली. एकशेवीसवर दादा अजून कोपऱ्यातच. एकदम साठवर आणलं, तर कोपरा सुटला, पण आवाज तापातून उठलेल्या माणसासारखा किरटा; लहान स्पीकरना इतकं खालचं झेपेना. मिक्सरचं भांडं अर्ध्याहून अधिक भरू नये, हे आम्ही किती वेळा ऐकलं देव जाणे. एरवी हसून हसून पोट दुखलं असतं. पण मला भीती वाटत होती. आता जमलं नाही तर वहिनी पुन्हा ऐकायला बसायची नाही, आणि तिच्यापुरता दादाचा आवाज कायमचा गेला.

मग भाची एकेक पायरी वर चढू लागली. ऐंशीवर तिचा हात थांबला. समोरून, टीव्ही आहे तिथून, आमचा दादा वाचत होता, शब्द संपताना नाकातून सुस्कारा टाकायच्या सवयीसकट. माझ्या डोळ्यांना धार लागली.

"पातं फिरत असताना झाकण उघडू नये," तो म्हणाला. मग हाक मारल्यासारखं, मोठ्यानं, "ऐकू येतंय का ग?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"येतंय हो," वहिनी आतून म्हणाली. "येतंय."

"बरं," दादा म्हणाला आणि पुढे वाचू लागला.